लाकडी मॉलचं दार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सतरा दिवस झाले. वही कोरी. खरं सांगायचं तर कोरी पण नाही. मागच्या पानावर दोनदा फुल्ली-गोळा खेळून झाला आहे. एकट्यानेच. आणि दोन्ही वेळा मीच हरलो! लिहायचा होता इतिहास, एका मॉलचा. आज लिहू, उद्या लिहू करत हा महिना उजाडला. म्हणून आता ही रोजनिशी. हात तरी चालता राहील.

हे माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी लिहून टाकतो. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनमध्ये पेट्यांवर गावांची नावं टाकायचं काम धरलं. बालाघाट, अकोला, छिंदवाडा — काळ्या रंगात, ब्रशने. तेही सोडलं. (नाव टाकलं की पेटी निघून जायची. मीच काहून इथं, असं वाटायचं.) कॉलेजातल्या रितिकाचं बर्डीच्या बाजारात, सागवान प्लाझा मॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर मोबाईल कव्हरचं दुकान आहे. तिची पाटी मी रंगवून दिली. ती नत्थूजींनी पाहिली. नत्थूजी म्हणजे तळमजल्यावरचे घड्याळवाले, दुकानदार संघाचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "मोत्यावाणी अक्षर आहे बाप्पा पोट्ट्याचं. आपला इतिहास ह्यालेच लिहू द्या."

अक्षर चांगलं म्हणून इतिहास! म्हणजे ज्याचे दात पांढरे त्याला डॉक्टर करा.

मॉल पडणार आहे, दिवाळीनंतर. बिल्डर तिथे अठरा मजले उभे करणार. ठरलं असं आहे की जे सुरुवातीपासून, किंवा जुन्यांचा गाळा घेऊन, मॉलच्या आत बसले त्यांना नव्या इमारतीत जागा. म्हणून संघाला इतिहास पाहिजे. कोण कधी आलं, कोण कुठे होतं. त्यावरून बिल्डरवाले यादी करणार. मुदत २८ तारीख.

रितिका म्हणाली, "अंक्या, आयुष्यात एक काम तं पूर्ण कर बे."

करतो न.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही लिहिलं. मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनपर्यंत, खापरीला गेलो. उतरलो. परत आलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नत्थूजींजवळ तीन तास बसलो. एका डोळ्याला भिंग लावून माणूस बोलतो तेव्हा तो आपल्याशी बोलतो की घड्याळाशी, समजत नाही. पण बोलले भरपूर.

मॉलच्या जागेवर आधी लाकडाचा टाल होता. शेठ गिरधरलाल चांडकांच्या वडिलांचा. जंगलातलं सागवान इथे उतरायचं, आधी बैलबंडीने, मग ट्रकने. शहरातल्या कितीतरी घरांच्या चौकटी इथून गेल्या म्हणे. गिरधरलाल शेठ एकदा लग्नाला इंदूरला गेले. तिथे सरकता जिना पाहिला. लग्नात जेवले नाहीत, जिन्यावरच चढ-उतर करत राहिले! घरी आले आणि टाल मोडला. २००३ च्या दसऱ्याला मॉल उघडला. वडिलांची आठवण म्हणून नाव सागवान प्लाझा.

ऑटोवाले मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतात — लाकडी मॉल. आत लाकडाची एक काडी नाही. सगळी काच आणि पांढरी फरशी. लहानपणी उमरेडहून बाबांनी मला आणलं होतं तेव्हा मी विचारलं होतं, लाकूड कुठं आहे? बाबा म्हणाले होते, "असंन वरच्या मजल्यावर." आम्ही वरपर्यंत गेलो होतो पाहायला.

जिना विदर्भातला पहिला असं नत्थूजींचं म्हणणं. येताना दुसऱ्या दोन मॉलमध्ये विचारलं. तेही तेच म्हणतात. मी "पहिल्यांपैकी" लिहीन.

एक म्हातारे रोज यायचे म्हणे. जिन्याने वर जायचे आणि साध्या पायऱ्यांनी खाली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "उतरायले कायले मशीन पायजे गा? उतरणं तं आपोआपच होते."

मी विचारलं, "आणि शेठजी?"

"शेठाणी गेल्या चौदा साली. अन् महिन्याभरात शेठजीही गेले. मंग पुतण्यानं चालवला अन् त्यानंच विकला." तेवढ्यात त्यांच्या हातातलं बारीक चाक खाली पडलं. आम्ही दोघं अर्धा तास जमिनीवर रांगत होतो. ते सापडलं तेव्हा कुठवर आलो होतो हे दोघांनाही आठवेना.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज रंभामावशी.

काचेच्या दाराबाहेर उजव्या हाताला त्या बसतात. खुर्ची, टेबल, मागे लोखंडी रॅक. हेल्मेट, बॅग, छत्री ठेवायची, पितळी बिल्ला घ्यायचा. मी शंभर वेळा बॅग ठेवली असेल. या बाई इथे काहून बसतात, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"मी झाडूवाली म्हणून लागली होती बापू," त्या म्हणाल्या. "मॉल उघडला दसऱ्याले. त्या दिवशी मी कुठची येते! मी दीक्षाभूमीवर होती. दुसऱ्या दिवशी आली तं काय पाह्यते — चपलाच चपला! हा एवढा ढीग!"

दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं आलेली. परत जायच्या आधी नवा मॉल पाहायला बर्डीवर आली. आदल्या दिवशी स्तूपापाशी चपला काढल्या होत्या. इथे पांढरीशुभ्र फरशी पाहून इथेही काढल्या! त्यांचं पाहून शहरातल्यांनी पण काढल्या. दिवाळीपर्यंत ही रीतच पडली. खरा घोटाळा पुढेच. पुढच्या दाराने आत, जिन्याने वर, आणि फिरत फिरत मागच्या गल्लीच्या दाराने बाहेर. अनवाणी! चपला पुढे, माणूस मागे. रोज भांडणं.

"शेठजी म्हणे, रंभाबाई, तुम्ही चपला पाहा. म्या म्हटलं, पाह्यते. पण खाली बसून नाही. लोकायच्या पायापाशी आमची माय बसली, तिची माय बसली. म्या नाही बसन. मले खुर्ची पायजे, टेबल पायजे. अन् बसन तं आत बसन."

"मग? शेठजी चिडले?"

"चिडले असतीन. पण त्याच दिवशी कोण्या मोठ्या साहेबाची सासू अनवाणी घरी गेली होती न!" त्या इतक्या हसल्या की एक गिऱ्हाईक हेल्मेट हातात घेऊन तसंच उभं राहिलं. "आपल्या केबिनमधली खुर्ची काढून देल्ली शेठजीनं. जिन्याच्या बाजूले, आत. पोट्टे म्हणत, रंभाबाई मॅनेजर झाली!"

पाच-सात वर्षांत लोकांनी चपला काढणं सोडलं. मग त्या हेल्मेट ठेवू लागल्या. माणसं तीच, टेबल तेच.

मग हळूच म्हणाल्या, "तू लिहून राह्यला न? मायं नाव लिह्यशील? मले नव्या बिल्डिंगीत जागा पायजे. एवढीशीच. पण आत."

मी म्हटलं, "पण मावशी, तुम्ही तर बाहेर—"

"मी हललीच नाही बापू. दार मांगं गेलं."

सोळा साली गाड्यांसाठी रॅम्प करायचा म्हणून पुतण्याने पुढचं दार बारा फूट आत सरकवलं. टेबल जिथे होतं तिथेच राहिलं. एका सकाळी त्या कामावर आल्या तर बाहेर!

मी म्हटलं, तुमच्यापासूनच सुरुवात करीन. "पाह्य बरं," त्या म्हणाल्या. खोटं नाही लिहीत, त्या वेळी मनापासूनच म्हटलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. उमरेड

इतिहासासाठी शांतता पाहिजे म्हणून घरी आलो. बाबांचा हातमाग बंद आहे, त्यावर कपडे वाळतात. दिवसभर झोपलो. आई म्हणाली, "कोणाचा इतिहास लिहून राह्यला रे?" मॉलचा म्हटलं. "मॉलचा! अन् तुया कोण लिह्यन? पोट्टा तीन कामं सोडून घरी आला असा?"

उद्या परत जातो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हेरायटी चौकात एक माणूस धाग्याला बांधलेली कागदी चिमणी विकत होता. फिरवली की खऱ्यासारखी चिवचिवते. दोन तास पाहिलं. इतिहास — शून्य.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिला! सकाळी सात वाजता बसलो आणि अकराला उठलो. नऊ पानं. नत्थूजींनी सांगितलं होतं, मोठी मोठी वाक्यं नको, लोक वाचत नाहीत. म्हणून छाटछाट केली. रंभामावशींचं आधी असं लिहिलं होतं — "रंभाबाई सुरुवातीपासून मॉलच्या दाराच्या आत, उजवीकडे, सरकत्या जिन्याच्या बाजूला बसत, पुढे दार मागे सरकल्यामुळे…" ओळ संपेचना! मग केलं — "रंभाबाई सुरुवातीपासून मॉलच्या दारात बसतात." वा. म्हटलं की कानाला बरं वाटतं. चपलांची गंमत पण लिहिली आहे.

शेवटच्या पानावर कै. शेठ गिरधरलालजींना श्रद्धांजली. खाली पणती काढली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पानांचे फोटो काढून रितिकाने संघाच्या ग्रुपवर टाकले. एका तासात बेचाळीस अंगठे! पण माझ्या लक्षात आलं — प्रत्येकाने आपापलं नाव शोधलं, ते सापडलं की अंगठा दिला. पुढचं कोणी वाचलं नाही. नत्थूजींनी फक्त "घड्याळ" हा शब्द कितीदा आला ते मोजलं.

तरी छान वाटलं. तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट.

४ मार्च, मंगळवार

यादी लागली. त्रेचाळीस नावं. रंभामावशींचं नाही.

मी आणि रितिका मॉलच्याच वरच्या मजल्यावर, अमोल साहेबांकडे गेलो. ते बिल्डरचे माणूस. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. सगळ्यांना सर म्हणतात, पाणी विचारतात. मी म्हटलं, एक नाव राहिलं आहे. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. माझंच अक्षर. पान तीन.

"सर, तुम्हीच लिहिलं आहे. दारात बसतात."

"हो. म्हणजे आत."

"दारात म्हणजे आत? सर, आपल्या आई दारात रांगोळी काढतात ती घरात असते का? दारात गाय आली म्हणजे स्वयंपाकघरात आली का?"

खरं तर उत्तर होतं — दारच सरकलं. तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "असेल सर. पण त्या आत होत्या असं कुठे आहे? दुकानाची नोंद नाही, करार नाही. तुमचा इतिहास हा एकच कागद आहे त्यांच्याबद्दल. आणि तो बाहेर म्हणतो. बाहेरचे म्हणजे फुटपाथवाले. त्यांना आमच्याकडे तरतूद नाही." मग म्हणाले, "रविवारी, नऊ तारखेला इथेच वर सगळ्यांची सभा आहे. त्यात यादी पक्की होईल. तोवर काही पुरावा आणा. मी माणूस वाईट नाही."

वाईट नाहीतच. तीच तर पंचाईत.

खाली आलो. मावशींना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "वाच बरं, काय लिह्यलं." मी वाचलं. "आखिन एकदा वाच." पुन्हा वाचलं. त्यांनी एका मुलीचं हेल्मेट रॅकवर ठेवलं, बिल्ला दिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरं लिह्यलं. अक्षर चांगलं आहे."

शिवी दिली असती तर चाललं असतं.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून मावशींच्या टेबलापाशी फरशीवर बसून होतो. पायपुसणं उचललं तर खाली जुन्या दाराची खूण सापडली! फरशीत आडवी पट्टी, सिमेंटने बुजवलेली, आणि दोन्ही टोकांना गोल भोकं. मावशींचं टेबल त्या पट्टीच्या आतल्या बाजूला आहे, चांगलं चार फूट. टेपने मोजलं. धावत जाऊन अमोल साहेबांना आणलं. त्यांनी वाकून पाहिलं. "सर, ही भेग आहे."

"भेग सरळ असते का?"

"चांगल्या कामात असते." हसले. मग म्हणाले, "दार इथे होतं हे मी मानतो, सर. टेबल तेव्हापासून इथेच आहे हे कोण सांगणार? टेबलाला पाय असतात."

नत्थूजींकडे गेलो. आता जुन्यांपैकी तेच उरले आहेत. बाकीचे कोरोनानंतर विकून गेले, त्यांच्या जागी नवे आले. मी म्हटलं, तुम्ही तर रोज पाहायचे. सभेत एवढंच सांगा. त्यांनी भिंग काढलं नाही.

"म्या सांगतलं असतं गा. पण मायाच गाळा दारापाशी आहे. आत धरायचा का रॅम्पमध्ये, त्याचं अजून पक्कं नाही. आता म्या त्या बाईसाठी तोंड उघडलं तं माया पत्ता कटन."

"मग तिचा कटला तरी चालते?"

"चालते असं कोण म्हणून राह्यलं?" एवढंच बोलले. कान लाल झाले होते.

खोलीवर आलो तर सौरव म्हणाला, त्याचा ट्रक रविवारी सकाळी हैदराबादला निघतो, क्लीनर पाहिजे. "येतं का? तुले तं भटकायचंच असते." सौरव माझा खोलीतला जोडीदार. मी म्हटलं, सांगतो.

हैदराबाद मी पाहिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

रितिकाने पहिल्या दिवाळीचा फोटो मिळवला! महाल भागातल्या एका जुन्या फोटोवाल्याकडून, तीन माळे चढून. मॉल उघडला त्या वर्षीच्या दिवाळीतले चौदा फोटो. एकात जिना आहे, जिन्याच्या बाजूला जागा आहे, आणि तिथे — एक भला मोठा झेंडूचा हार! हाराच्या मागून टेबलाचा कोपरा आणि एक हात. हातात चपलेचा जोड.

अमोल साहेब म्हणाले, "हात कोणाचा आहे?"

मावशींनी आपला हात टेबलावर ठेवला. "हा." साहेबांनी हाताकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि अगदी खरंच ओशाळले. "मावशी, हातावर नाव नसतं हो."

रितिका मला जिन्यावर ओढून नेऊन बोलली. "दाराच्या आत. दोन शब्द, अंक्या! दोन शब्द लिहायले काय झालतं तुले?"

वाक्य लांबत होतं, हे तिला काय सांगायचं!

७ मार्च, शुक्रवार

मावशींना एक गिऱ्हाईक आठवलं. नरखेडकडचे धोंडबा. दर दिवाळीला बायको-पोरांना जिना दाखवायला आणायचे. गावाचं नाव सांगितलं. सकाळच्या एसटीने गेलो. फाट्यावर उतरून चार किलोमीटर पायी. दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा, पांढरा फुलोरा. असा वास की माणूस कशाला निघाला होता ते विसरावं. मी विसरलोच!

धोंडबा विहिरीवर होते. मोटर पाणी ओढत नव्हती. म्हटलं, पाहू का? पाइपच्या बुडाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हमध्ये — ते त्याला 'फुटबॉल' म्हणतात — पाला अडकला होता. पाइप वर ओढा, साफ करा, परत सोडा. दोन तास गेले. पाणी आलं तेव्हा धोंडबांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली ती अजून दुखते.

मग विचारलं. "हव न!" ते म्हणाले. "आतच बसे थे बाई. थंड्या हवेत. पयल्या बारीले आमी चपला काढल्या तं म्हणे, 'घालूनच जा न भाऊ, आत देव नाही बसला.' मायी बायको म्हणे, नाही, घाण होईन. तवा म्हणे, 'फरशी धुवायले माणूस ठेवला आहे, ताई. तुमी काहून अनवाणी हिंडता?' लय बोलकी बाई!"

म्हणजे चपला सांभाळायच्या ज्या बाईला, तीच लोकांना सांगत होती की काढू नका! हे मला मावशींनी सांगितलंच नव्हतं.

जेवू घातलं, पिशवीभर संत्री दिली, मोटरसायकलने फाट्यावर सोडलं. बस काटोलला आली तेव्हा आठवलं. लिहून घेतलं नाही! सही नाही, अंगठा नाही, फोटो नाही, साधा फोन नंबर पण नाही. बॅगेत फक्त संत्री.

काटोलच्या स्टँडवर उतरलो. परत तिकडे जायला बस नव्हती. बाकावर बसून चार संत्री खाल्ली. माझ्यासारखा भैताड तालुक्यात नसेल.

८ मार्च, शनिवार

मावशींना सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हंजे तुले साक्ष आणाले पाठवलं अन् तू पाणी ओढून आला?"

"हो."

"मोटर चालू झाली?"

"झाली."

"मंग कोणाचं तरी झालं." त्यांनी एक संत्र सोललं, अर्धं मला दिलं. "आता राहू दे बापू. उद्या म्या येत नाही सभेले. बाहेरच्या माणसाले कोण बोलावते?"

हे त्यांनी रागात म्हटलं असतं तर मी सौरवसोबत हैदराबादला गेलो असतो. पण रागात नव्हतं.

दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, हिंदीत.

"आप अंकुश बोल रहे हैं? मेरे पिताजी को आपने कब मार दिया?"

मला वाटलं राँग नंबर. बाई थांबेचना. सकाळपासून दुःखाचे फोन येत आहेत. इंदूरहून आले, अमरावतीहून आले. कोणीतरी तर माळ घेऊन दारात आलं! — दारात. त्या पण दारातच म्हणाल्या, हिंदीत, "दरवाज़े पर". मग कळलं. रायपूर. गिरधरलाल शेठजींची मुलगी. माझी नऊ पानं कोणीतरी तिकडे पाठवली होती, पणतीसकट आणि खालच्या माझ्या नाव-नंबरासकट.

शेठजी जिवंत आहेत! शहाऐंशी वर्षांचे.

नत्थूजींकडे पळालो. "तुम्हीच म्हणाले ना, शेठजी गेले!"

"हव, गेले न! रायपूरले गेले, पोरीकडं. चौदा सालीच."

"आणि शेठाणी?"

"थ्या तं मेल्या."

एकाच दमात, एकाच शब्दात, दोघंही गेले! आता याला काय करायचं?

त्या ताईंना परत फोन लावला. माफी मागितली. सगळं सांगितलं. यादी, दार, रंभाबाई. म्हटलं, शेठजी फोनवर दोन शब्द बोलले तरी चालेल. त्या म्हणाल्या, पिताजी कोणाशी बोलत नाहीत, दोन वर्षं झाली, घराबाहेर नाही, माणसं ओळखत नाहीत नीट. ते मॉल-बिल त्यांच्या कानावर घालू नका. पुन्हा फोन करू नका. कट.

मागून कोणीतरी म्हाताऱ्या आवाजात काही विचारत होतं, असं वाटलं. टीव्ही असेल.

संध्याकाळी बॅग भरली. सौरवला हो म्हटलं. इथे माझ्या हातून जे व्हायचं ते सगळं उलटंच झालं. निदान पेट्यांसोबत एकदा तरी जाऊन पाहू.

९ मार्च, रविवार. सकाळ

ट्रक सहाला निघाला. मी नाही.

हायवेपर्यंत बसलो होतो केबिनमध्ये. मग उतरलो. सौरवने शिव्या दिल्या, बॅग खिडकीतून फेकली. त्या पानांखाली सही माझी आहे. सभेत उभं राहून निदान एवढं तरी म्हणावं की चूक लिहिणाऱ्याची आहे, बाईची नाही. त्याने यादी बदलणार नाही, माहीत आहे.

येताना इंदोरा वस्तीत मावशींच्या घरी गेलो. म्हटलं, चला. नाही म्हणाल्या. म्हटलं, मी एकटा बोलताना अडखळतो. "तं मंग लिहूनच काहून नाही घेत? थे तं जमते न तुले!" असं टोचून बोलल्या, पण पातळ बदलून आल्या. सभेत नाही येणार म्हणाल्या. आपल्या टेबलापाशीच बसतील.

९ मार्च, दुपार

चहाची सुट्टी. उभ्या उभ्या लिहितो आहे. मी बोललो. दोन-चार जणांनी टाळ्या दिल्या. अमोल साहेब म्हणाले, "भावना पोचल्या, सर." यादी तीच. जेवणानंतर सह्या.

आत्ता रितिकाचा फोन आला, खालून. ओरडून राहिली होती. रॅम्पवर छत्तीसगडची गाडी थांबली आहे. मुलगी पुढे, चेहरा रागाचा. आणि मागच्या सीटवरून काठी टेकत एक म्हातारे उतरले. रितिका म्हणते, कोणाशीच बोलले नाहीत. नत्थूजी पाया पडले, तरी ओळखलं नाही. सरळ टेबलापर्यंत गेले, काचेच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले —

"रंभाबाई, तुम्ही बाहेर कशा? आपलं दार कोणी नेलं?"

अमोल साहेब जिना उतरून राहिले आहेत. मी पण चाललो.